माजाआधीचा काळवीट

जामखेडहून खर्ड्याकडे निघालात की आधी डांबरी रस्ता पुसून टाका. मग विजेचे खांब, उसाचे तुकडे, ढाब्यांच्या पाट्या, बोअरवेलच्या गाड्या. उरेल ते बालाघाटाच्या अंगावरचं माळरान: मुरमाड, उघडं, गुडघाभर वाळल्या गवताचं. मधूनच एखादा हिवर, बोरीची जाळी, तरवडाची झुडपं. साल १७९५, शके १७१६. महाशिवरात्र होऊन गेली आहे आणि फाल्गुनाची कोर नुकतीच दिसली आहे. लांबवर निंबाळकरांचा किल्ला उभा आहे. तो बांधून पुरती साठ वर्षंही झालेली नाहीत.

तुम्ही उकिडवे बसला आहात. समोर लेंड्यांचा पसरट ढीग आहे, दोन हात रुंद.

“हात लावून बगा, पाव्हणं,” म्हातारा म्हणतो.

वरच्या लेंड्या काळ्या, बोटाला ओलसर लागतात. त्यांच्या खाली करड्या, आणखी खाली उन्हाने पांढऱ्या पडून भुगा व्हायला आलेल्या. एकच जनावर रोज याच जागी येतंय आणि कित्येक दिवसांपासून येतंय. म्हातारा शेजारच्या वाळल्या काडीचं टोक दाखवतो. टोकावर काळपट, चिकट ठिपका आहे. काळविटाच्या डोळ्यापुढे एक फट असते. तिच्यातून चीक पाझरतो आणि तो चीक काडीकाडीला, काट्याकाट्याला पुसत हा नर आपली हद्द आखत हिंडतो.

“ही त्याची जिमीन. आता चैत सरंस्तवर तो हितून हलायचा न्हाई.”

त्या एका वाक्यात शिकाऱ्याचं अर्धं शास्त्र आलं. एरवी काळवीट म्हणजे वाऱ्याचं जनावर. आज इथे, उद्या दोन कोसांवर. दिसला म्हणेपर्यंत कळपासकट उधळतो. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने पळणारं जनावर माणसाला पायी कधीच सापडत नाही. पण वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या शेवटी आणि एकदा या फाल्गुन-चैत्रात, मोठा नर माजावर येतो. त्याआधीचे काही आठवडे तो जमीन धरून बसतो. हरण्या अजून कळपाने लांब चरत असतात. त्या इथून जातील तेव्हा ही जागा आपली असली पाहिजे, म्हणून तो आधीपासून राखण सुरू करतो. ज्याचा ठिकाणा नव्हता त्याला ठिकाणा मिळतो. तिरकामठा घेऊन निघालेल्या माणसाला याहून जास्त काही मागायचं नसतं.

या दिवसांचं आणखी एक कारण म्हातारा सांगतो. माज अंगात भरला की काळवीट चरणं विसरतो. दिवसभर नाक वर, शिंगं पाठीवर टाकून हरण्यांभोवती मिरवतो, दुसऱ्या नरांशी झुंजतो आणि महिन्याभरात बरगड्या मोजाव्यात इतका खंगतो. आता तो भरलेला आहे. हिवाळाभर गवत, बाभळीच्या शेंगा आणि रात्रीचा लोकांच्या शेतातला हरभरा खाऊन त्याची मान जाड झाली आहे.

म्हातारा फासेपारधी आहे. ओढ्याच्या काठी त्याचं पाल आहे. बायको, सुना, नातवंडं, दोन कुत्री, आणि एक बैल. बैल शेताचा नाही आणि गाडीचाही नाही. त्याचं काम तुम्हाला पुढे कळेल. पालाबाहेर बोरीच्या फांदीवर फास वाळत घातले आहेत: तांतीचे सरकते गळफास, एका लांब दोरीला ओळीने बांधलेले, मधे मधे लाकडी खुंट्या. हरणांच्या वाटेवर ही ओळ गवतात दडवून ठोकायची आणि कळपाला हळूहळू, घाबरू न देता तिच्याकडे वळवायचं, ही त्यांची पिढ्यांची रीत. फासात कोण अडकेल हे मात्र हातात नसतं. गाभण हरणी किंवा पाडस अडकलं तर सोडून द्यायचं, अशी या लोकांची रीत होती. पुढे विसाव्या शतकात माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी फासेपारध्यांच्या या रिवाजाची नोंद केली. मला तो रिवाज नुसत्या दयेचा वाटत नाही. पुढच्या वर्षीही याच माळावर पोट भरायचं आहे, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याचा तो हिशोब आहे आणि त्याच्यात माया नाही असंही नाही.

सरदार-दरकदारांची शिकार निराळी. पेशव्यांच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना हे एक स्वतंत्र खातं होतं. मोठ्या घरांतून पाळीव चित्ते असत. डोळ्यांवर झापड बांधून त्यांना गाडीतून माळावर आणायचं, कळप दिसला की झापड काढायची. ते चित्ते धरून शिकवणारे लोकही पारध्यांतलेच, चितेवाले पारधी. या घडीला, १७९५ साली, दख्खनच्या माळांवर रानचित्ता अजून हिंडतो आहे. रात्री पालाच्या विस्तवापाशी बसलात की लांडग्यांचं रडणं ऐकू येईल. सकाळी टेकाडावर माळढोक मान उंचावून उभा दिसेल, आणि त्याच्याकडे कुणी फारसं लक्षही देणार नाही, इतके ते आहेत.

तुमच्या हातातला तिरकामठा भिल्लांच्या धाटणीचा आहे, नगरच्या उत्तरेकडून आलेला. बांबूचा दांडा आणि दोरीही बांबूच्याच सालीची. बाण बोरूचा, शेपटीला पिसं, टोकाला लोखंडाचं पातं तांतीने आवळून बसवलेलं. ओढून बघा. पहिल्यांदा खांद्यात कळ येते आणि हात थरथरतो. या कामठ्याचा बाण लांब जातो, पण लांब गेलेल्या बाणाला काळवीट मरत नाही. तो जखमी होतो, दोन दिवस फरफटतो आणि लांडग्यांच्या तोंडी जातो. म्हाताऱ्याने पाय टाकत अंतर मोजून दाखवलं: वीस पावलं, फार तर पंचवीस. उघड्या माळावर, जिथे हरणीला कोसभरावरून माणूस दिसतो, तिथे तुम्हाला वीस पावलांवर पोचायचं आहे.

म्हणून आधी नुसतं बघायचं. बोरीच्या जाळीत पोटावर पडून, कुसळं अंगात रुतत असताना, सकाळभर बघायचं. तुमचा नर पहाटे ढिगापाशी येतो. पाठ काळीकुट्ट, पोट पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी कडी. शिंगांना चार पीळ, बुडाशी कडी झिजलेली. हा जुना नर. ज्यांचा रंग अजून तांबूस आहे ते तरणे नर पलीकडच्या उतारावर आपला वेगळा कळप करून चरतात. त्यांतला एखादा अधूनमधून हद्दीपर्यंत येतो. मग हा मान खाली घालतो, कान मागे पाडतो आणि अगदी सावकाश त्याच्याकडे चालत जातो. पळत नाही. बहुतेक वेळा तेवढ्यावरच तो तरणा मागे फिरतो. ऊन चढलं की नर एकट्या हिवराच्या सावलीला बसतो, तोंड उताराकडे करून. तिसऱ्या प्रहरी उठतो, हद्दीवरून एक फेरी मारतो आणि पुन्हा ढिगापाशी येतो.

रोज तोच रस्ता, त्याच काड्या. ज्या निष्ठेने तो जमीन राखतो तीच निष्ठा त्याला धोक्यात आणते. पडल्या पडल्या हे तुमच्या लक्षात येतं आणि त्याच्याबद्दल मनात काहीतरी हलतं. म्हातारा ते ओळखतो, पण बोलत नाही.

मग तो दिवस येतो. पहाटे म्हातारा तुमच्या अंगाला बैलाचं शेण चोपडतो: दंडांना, मांड्यांना, मानेला. माणसाचा वास झाकला पाहिजे. रुईचं बोंड फोडून त्यातली एक म्हातारी तो हवेत सोडतो. ती पश्चिमेकडे तरंगत जाते. सकाळचा वारा उगवतीकडून आहे, म्हणजे तुम्हाला मावळतीच्या अंगाने जायचं आहे. त्यात डोळ्यांवर ऊन येणार, पण इलाज नाही. काळवीट डोळ्यांचं जनावर, तरी वास आला की तोही थांबत नाही.

आता बैलाचं काम सुरू. म्हातारा त्याच्या खांद्याआड वाकतो, वेसणीची दोरी दोन बोटांत धरून. तुम्ही मागच्या मांडीआड. बैल चरत निघतो. सरळ निघत नाही. सरळ येणाऱ्या कशाचाही हरणांना संशय येतो. चार पावलं आडवी, एक घास, दोन पावलं तिरपी, पुन्हा घास. दोरीला नुसता हिसका बसला की तो वळतो, ढिली पडली की चरतो. तुमचे पाय त्याच्या पायांच्या मागे पडले पाहिजेत. पोटाखालून चार पायांच्या जागी सहा पाय दिसले की खेळ संपला. कमरेत वाकून, कामठा पायांच्या रेषेत उभा धरून, तुम्ही बैलाच्या चालीने चालत राहता. पाठ दुखते. घामाबरोबर शेण डोळ्यांत उतरतं. मधेच टिटवी ओरडत उठते. बैल उभा राहतो, तुम्ही उभे राहता, म्हातारा श्वाससुद्धा अडवून धरतो. काळवीट मान वर करून बघतो. बैल दिसतो. गावचा बैल, रोजचाच. तो मान खाली घालतो.

ऊन हिवराच्या शेंड्यावर येईपर्यंत तुम्ही जेमतेम दोनशे पावलं कापली आहेत.

हे सगळं वाचताना आजचा कायदा विसरायचा नाही. काळवीट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे. ती असलीच पाहिजे. जीपमधून, झोतदिव्याच्या उजेडात, बंदुकीने काळवीट पाडणाऱ्यांनी विसाव्या शतकात दख्खनचे माळ ओस पाडले. त्यांना त्याच्या लेंड्यांचा ढीगही माहीत नव्हता. बैलाआडून वीस पावलांवर जाणारा माणूस आता फक्त याच वाटेने, मनाने मागे जाऊनच भेटतो.

पंचवीस पावलं. म्हातारा दोरी ढिली सोडतो. बैल उभा राहून चरू लागतो. तुम्ही त्याच्या मागच्या पायाआड एका गुडघ्यावर येता. काळवीट ढिगापाशी आहे, पण तोंड तुमच्याकडे. समोरून बाण सोडायचा नाही, छातीचं हाड आडवं येतं. थांबायचं. पलीकडच्या उतारावर एक तरणा नर हद्दीजवळ आला आहे. जुना त्याच्याकडे वळतो, कूस तुमच्याकडे करून उभा राहतो आणि नाक हळूहळू आभाळाकडे उचलतो. शिंगं पाठीवर येतात. या क्षणी त्याला दुसरं काही दिसत नाही. पुढच्या पायामागची, कोपराच्या वर चार बोटांची जागा उघडी आहे.

तुम्ही ओढता. या वेळी हात थरथरत नाही.

दोरीचा आवाज तुम्हाला वाटला होता त्याहून मोठा होतो. काळवीट जागच्या जागी उंच उडतो, चारही पाय ताठ, आणि उताराला लागतो. पलीकडचे तरणे नर उधळतात. बैल चरतच असतो. म्हातारा तुमच्या मनगटावर हात ठेवून तुम्हाला खाली बसवतो. पाठीमागे धावायचं नाही. जखमी जनावर कुणी मागे नसेल तर लवकर बसतं. तुम्ही बसता आणि आता हात थरथरू लागतात. बऱ्याच वेळाने दोघं उठता. गवतावर रक्त आहे, लाल, फेसाळ. म्हातारा मान हलवतो. फेस म्हणजे फुप्फुस. शंभरेक पावलांवर तरवडाच्या झुडपाला टेकून तो पडलेला आहे. उघड्या डोळ्यापुढच्या फटीत तो काळा चीक अजून ओला आहे.

म्हातारा देवीचं नाव घेतो, जमिनीला हात लावून कपाळाला लावतो. मग सुरी काढतो. पस्तीस-चाळीस किलोच्या या जनावरातलं काही वाया जाणार नाही. थोडं मांस आज, बाकीच्याच्या चान्या करून दोरीवर वाळत घालायच्या. शिंगं आणि कातडं बैरागी घेतील. मृगाजिन ध्यानाच्या आसनाला लागतं आणि मुंजीतल्या बटूलाही त्याचा तुकडा लागतो. शास्त्राने पवित्र ठरवलेलं हे कातडं काढणाऱ्या माणसाला गावात मात्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. तांती पुढच्या फासांना.

संध्याकाळी तुम्ही परत त्या ढिगापाशी जाता. तांबूस-काळा एक नर तिथे उभा आहे, सकाळी उतारावर आलेला तोच बहुधा. तो ढीग हुंगतो आणि त्याच्यावर आपल्या लेंड्या टाकतो. जमीन एक दिवसही रिकामी राहिली नाही. माजाच्या आधी जुना नर घेतला तर माळाची वीण थांबत नाही, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं.

जे थांबवू शकतं ते आता येतं आहे. वंजाऱ्यांचे तांडे धान्याचे बैल हाकत खर्ड्यावरून जाऊ लागले आहेत आणि त्यांच्या तोंडी एकच बोलणं आहे. चौथाईच्या थकबाकीवरून निजामअली बिदरहून निघाला आहे. पुण्याहून पेशवा निघाला आहे, वीस वर्षांचा सवाई माधवराव, संगतीला नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले. दोन्हीकडची मिळून लाखाच्या वर फौज. तिच्या आधी कही येते: घोड्यांसाठी गवत कापणारे, विळे आणि दोर घेऊन, माळामाळाने पसरलेले.

हा हिशोब करून बघा. घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो वाळलं गवत लागतं. पन्नास हजार घोडे धरले तरी रोजचं चार-पाच लाख किलो होतं. असल्या मुरमाड माळावर हेक्टरी एक-दीड टन गवत मिळालं असं मानलं तर रोज पावणेतीनशे ते पाचशे हेक्टर माळ बोडका करावा लागतो. शिवाय हत्ती, उंट, तोफांचे बैल, बाजारबुणग्यांची तट्टं. फाल्गुनातलं उभं गवत म्हणजे पाऊस येईपर्यंतची पुंजी. माजावर आलेल्या नराची हद्द राहिली तरी तिच्यात हरणीने थांबावं असं काही उरत नाही.

म्हातारा पाल मोडतो. फास गुंडाळून बैलाच्या पाठीवर टाकतो. “घोडी गेल्यावर बगू,” एवढंच म्हणतो आणि मांजरा नदीच्या अंगाने निघून जातो.

तुम्ही थांबता. निजामाची फौज मोहरीच्या घाटाने उतरते. फाल्गुन वद्य पंचमीला, ११ मार्चला, रंगपंचमीच्या दिवशी लढाई होते. रात्री निजाम जनान्यासह खर्ड्याच्या किल्ल्यात शिरतो, मराठे वेढा घालतात, आत पाण्याची टंचाई होते आणि निजामाला आपला दिवाण मुशीरुल्मुल्क पेशव्यांच्या हवाली करून तह मान्य करावा लागतो. सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली लढले, ती ही शेवटची लढाई. हे सगळं तुम्ही शाळेत शिकलात. तोफांचे आवाज ऐकत ओढ्याच्या काठी उभं राहिलात की आणखी एक गोष्ट दिसेल: माळावर गवत नाही आणि लेंड्यांच्या ढिगांवरून घोड्यांच्या टापा गेल्या आहेत.

त्या पाऊसकाळात गवत परत आलं. माळ घोडे पचवतो, दुष्काळही पचवतो. नांगर आणि खड्डे खोदून लावलेली झाडं मात्र त्याला पचत नाहीत.

आता आजच्या काळात परत या, पण घरी जाऊ नका. नगरच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जा. १९८० साली काळविटांसाठी केलेलं हे अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे २१७ हेक्टर. खर्ड्यावरच्या फौजेच्या एका दिवसाच्या वैरणीलाही ते पुरलं नसतं. तिथले काळवीट अर्थातच अभयारण्याच्या रेषेआत राहत नाहीत. ते आसपासच्या गायरानात, पडीत, हरभऱ्याच्या शेतात हद्दी धरतात. सरकारी कागदांवर असल्या माळाला पडीक म्हणतात आणि पडीक दिसलं की कुणीतरी तिथे झाडं लावायला येतं. माळरानावर झाडं लावणं म्हणजे माळरान मारणं आहे, हे स्पष्ट बोलायला हवं. काळविटाला लांबवर दिसलं पाहिजे. झाडोऱ्यात तो ढीग घालत नाही.

आणि त्या म्हाताऱ्याची माणसं? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे पारध्यांनाही त्यात ओढून जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो रद्द झाला, पण नगर, बीड, सोलापूरच्या गावांत चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून आधी पारध्यांच्या वस्तीवर जाते. काळवीट कोणत्या आठवड्यात जमीन धरतो, कुठली काडी त्याची, गाभण हरणी कशी ओळखायची, हे ज्ञान ज्या घरांत होतं त्या घरांना आपण हे दिलं. अकोला-वाशिमकडे संवेदना ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ माळ आणि तणमोर राखायचं काम करते आहे. तिकडे पारधी स्वतः कुरणं राखतात. आपल्या नगर जिल्ह्यात, रेहेकुरीच्या कुंपणाबाहेरच्या हद्दी कुणी मोजायच्या असतील, तर ते काम पारधी वस्तीतल्या जाणत्यांना पगार देऊन करून घ्यावं, आणि ते फाल्गुन लागायच्या आत सुरू करावं. फाल्गुन-चैत्रात नर माजावर येतात.